आवाज यायला लागणारा वेळ

११ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिच्यात काय काय बदलतंय ते लिहून ठेवत जा, पुढच्या भेटीला उपयोगी पडेल. प्रिंटरचं टोनर पुरवणाऱ्यानं फुकट दिलेली डायरी दुकानात पडून होती, ती आणली.

आजची स्थिती : उजव्या हाताची पकड सैल. 'र' आणि 'ल' म्हणताना जीभ अडखळते. पाणी पिताना ठसका लागतो. चालणं ठीक.

आजाराचं नाव लांबलचक आहे, मला लिहिता यायचं नाही. स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या नसा एकेक करून बंद पडत जातात म्हणे. तिच्या बाबतीत हातपायांच्या आधी आवाज जाईल असा अंदाज आहे. कधी, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "या वर्षी त्यांचं बोलणं ऐकून घ्या."

जिना उतरताना मास्तरीण म्हणाली, "तुझी चंगळ आहे बाबा. लग्नानंतर पहिल्यांदा घरात शांतता." मी हसलो नाही. मग तीच हसली.

मास्तरीण म्हणजे माझी बायको. बायकांना गाडी चालवायला शिकवते. शिकवायची, असं लिहायला हवं, गेल्या महिन्यात तिनं गाडीची किल्ली स्वतःहून धाकट्या बहिणीकडे दिली. तिचा आवाज चौकाच्या पलीकडून ऐकू यायचा. "क्लच दाब बाई, क्लच! गाडी तुझ्या नवऱ्याची असेल, जीव माझा आहे!"

१५ जानेवारी

उपाय सापडला. आवाज जायच्या आत तो भरपूर रेकॉर्ड करून ठेवायचा. त्यावरून कॉम्प्युटरला तो आवाज शिकवायचा. पुढे तिनं टाइप केलं की मशीन तिच्या आवाजात बोलणार. हात गेले तरी कॅमेरा डोळ्यांवर ठेवून, नजरेनं टाइप करता येतं. तयार मिळतात ती यंत्रं आपली भाषा बोलायला लागली की विमानतळावरच्या घोषणेसारखी वाटतात. मी घरीच करणार.

मी जन्मभर प्रिंटर दुरुस्त केले. कॉम्प्युटरचं सगळं आमच्या दुकानात भागीदार बघतो, त्याला सगळे दाढी म्हणतात. तो म्हणाला, "होईल की. आजवर प्रिंटरच्या तोंडातून अडकलेले कागद काढलेस, आता मशीनच्या तोंडातून बायको काढ." बोलला आणि जीभ चावली. मी म्हटलं, चालायचंच.

खूप दिवसांनी बरं वाटलं. हातात काम असलं की बरं असतं.

३ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग चालू. कपाटातले कपडे एका बाजूला सारून आत स्टूल ठेवलं. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. ती आत, मी दाराशी माइक धरून.

वाचायला दिलेली वाक्यं तिला आवडत नाहीत. "'आज हवा छान आहे. कृपया खिडकी उघडा.' अरे, मी जन्मात कुणाला कृपया म्हटलंय का?"

"सगळे उच्चार यावेत म्हणून तशी वाक्यं असतात."

"बरं, ते राहू दे. धाकटीच्या नवऱ्यानं परवा काय घोळ घातला सांगू? हसून मरशील."

"हे पान संपव, मग सांग. जीभ ताजी असताना वाक्यं झालेली बरी."

पान संपवलं. दोन-तीन ठिकाणी 'ल' बिघडला, ती वाक्यं परत घेतली. मग मी माइक बंद करून म्हटलं, "हं, सांग आता घोळ." म्हणाली, "राहू दे. दमले."

स्थिती : बोलून लवकर दम लागतो.

२० फेब्रुवारी

आज कपाटात बसायला नकार. म्हणाली, "माझा आवाज अजून गेलेला नाही. आहे तो ऐक की आधी." मी समजावलं की हे तिच्यासाठीच चाललंय. उन्हात जरा वेळ फिरवून आणलं. वाटेत ती बरंच काही बोलत होती. मी मनात हिशेब करत होतो की जुने व्हॉइस मेसेज वापरले तर किती मिनिटं भरतील. भरपूर भरतात. रोजचे असायचे, 'येताना ब्रेड आण' वगैरे. बरं झालं पुसले नाहीत.

६ मार्च

मशीन बोललं! दाढीनं आवाज शिकवून दिला, मी घरी मशीन जोडलं. 'खिडकी उघडा' असं टाइप केलं. काही नाही. मला वाटलं अडकलं. उठून वायर बघायला गेलो आणि पाठीमागून मास्तरीण बोलली, खणखणीत, दोन वर्षांपूर्वीची. 

पण मध्ये नऊ सेकंद गेले. नऊ सेकंदांत माणूस खोलीतून निघून जातो.

९ मार्च

दाढी घरी आला आणि मशीन उघडून हसत सुटला. आवाज तयार करायचं काम करणारं ग्राफिक्स कार्ड मी खालच्या स्लॉटमध्ये लावलं होतं, कारण वरच्यात ते कॅबिनेटच्या पंख्याला टेकत होतं. दोन्ही स्लॉट दिसायला सारखेच लांब.

"लांबी बघून फसलास," तो म्हणाला. टॉर्च मारून आत दाखवलं. वरच्या स्लॉटमध्ये शेवटपर्यंत पिना. खालच्यात थोड्या अंतरापर्यंत पिना, पुढे नुसतं रिकामं प्लास्टिक. "माहिती वाहून नेणाऱ्या सोळा लेनींची जागा, जोडल्यात चारच."

"पण कार्ड तर चांगलं आहे ना?"

"कार्ड चांगलंय, पण त्याची स्वतःची मेमरी कमी. आवाजाचं मॉडेल त्यात अख्खं मावत नाही. उरलेलं बाहेर रॅममध्ये राहतं आणि दर वाक्याला या स्लॉटमधून आत-बाहेर करतं. सगळं कार्डात मावलं असतं तर चार लेनींनीही चाललं असतं. मावत नाही म्हणून स्लॉट आडवा येतो."

मास्तरीण पलंगावरून बघत होती. काहीतरी म्हणाली, आम्हाला कळलं नाही. दाढी ओशाळून हसला. मी म्हटलं, "परत सांग." तिनं मान हलवली.

१८ मार्च

पंखा काढला, पत्रा कापला, कार्ड वरच्या स्लॉटमध्ये बसवलं. साडेचार सेकंद. निम्म्यावर आलं!

तिला मशीनसमोर बसवलं. डाव्या हाताच्या एका बोटानं तिनं 'चहा' असं टाइप केलं. मशीन म्हणालं, "चहा." ती त्या आवाजाकडे बघत राहिली, जशी कुणी खोलीत आलंय. मग तिच्या आताच्या आवाजात म्हणाली, "ही को... कोण बाई?" आणि रडायला लागली.

मला भरून आलं. इतक्या दिवसांच्या मेहनतीचं चीज झालं.

संध्याकाळी ती काहीतरी सांगायला आली. शब्द एकमेकांत मिसळतात, नीट कान देऊन बसलं तर कळतात, पण वेळ लागतो. मी म्हटलं, "टाइप कर ना, म्हणजे चाचणीपण होईल." ती मशीनपाशी गेली नाही. गॅलरीत जाऊन बसली.

स्थिती : बोलणं अस्पष्ट. मन:स्थिती खालीवर.

७ एप्रिल

बोर्डावर थेट बसवलेली दुसरी डिस्क वरच्या स्लॉटच्या अर्ध्या लेनी खात होती. बोर्डाच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं. काढून टाकली. साडेतीन सेकंद.

काठी घेऊन चालते. न्हाणीघरात दांडी बसवायची आहे. या रविवारी बसवतो.

२४ एप्रिल

काल ती पडली. जमेल तसं लिहितो.

दुपारी मी आतल्या खोलीत हेडफोन लावून बसलो होतो. मशीनच्या आवाजात शेवटच्या अक्षरावर खरखर यायची, ती शोधत होतो. एकच वाक्य पुन्हा पुन्हा, तिच्या आवाजात, 'अरे, ऐकतोस का'. जुन्या मेसेजमधलं वाक्य होतं, चाचणीला चांगलं. खरखर सापडली, ती काढलीसुद्धा. मग खांद्यावर कुणाचा तरी हात पडला. धाकटी होती. तिच्याकडे आमच्या घराची किल्ली असते. तिचं तोंड हलत होतं. मी हेडफोन काढला.

मास्तरीण न्हाणीघरात पडलेली. फरशी ओली. पाण्याचा मग दाराशी पडला होता, तो आपटून आपटून त्याचा कान तुटला होता. घसा बसलेला. कधीपासून हाक मारत होती कुणाला माहीत.

धाकटी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खुब्याचं हाड सलामत आहे. पण पडल्या पडल्या उलटी झाली, ती फुप्फुसात गेली. दवाखान्यात ठेवलंय.

हे हेडफोन बाहेरचं काहीच ऐकू देत नाहीत. उघड्या कपाचे आणायला हवेत.

११ मे

न्यूमोनिया. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. त्याच्याआधी डॉक्टर म्हणाले, यानंतर बोलता येणार नाही, काही बोलायचं असेल तर बोलून घ्या. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला. ती खूप प्रयत्नानं काहीतरी म्हणाली. दोन-तीन शब्द असावेत. मला कळले नाहीत. मी म्हटलं, "हो, हो." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला वाटतं तिला कळलं की मला कळलं नाही.

फोन खिशात होता. रेकॉर्ड करायचं सुचलं नाही.

४ जून

घरी आणलं. धाकटी राहायला आली आहे, नळीतला कफ मशीननं ओढून काढायला ती शिकली. मीही शिकलो, पण ते काम तीच करते.

आता उरले फक्त डोळे. कॅमेरा बसवला. ती स्क्रीनवरच्या अक्षराकडे बघते, अक्षर उमटतं. नजरेनं वाक्य पूर्ण केल्यावर आवाज यायला साडेतीन सेकंद. एवढ्यात समोरचा माणूस दुसरं काहीतरी बोलायला लागतो आणि मग दोघांचं एकदम होतं. हे कमी व्हायलाच हवं.

धाकटीनं स्वतःचं वेगळंच काढलंय. पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर मार्करनं अक्षरं लिहिली आहेत, क ख ग घ पासून, ओळीओळीनं. तो पत्रा ती दोघींच्या मध्ये धरते. मास्तरीण आधी ओळीकडे बघते, मग अक्षराकडे, आणि धाकटी पलीकडून तिचे डोळे वाचते. एक शब्द जुळवायला चहा निवतो. पण आज दोघी हसत होत्या. मास्तरीण हसली की नळीतून नुसती शिट्टी वाजते.

"कशाला हसलात?" मी विचारलं.

"आमचं आहे ते, भाऊजी," धाकटी म्हणाली.

२२ जून

तिच्या जुन्या शिष्या भेटायला आल्या, तिघीजणी. मशीननं कमाल केली. "या, बसा. गाडी नीट लावलीत ना?" तोच आवाज, तोच ठसका. एकीनं तोंडावर पदर धरला. मास्तरिणीनं पुढे टाइप केलं, "हे माझ्या नवऱ्यानं बनवलंय. हुशार आहे." मला संकोच वाटला, पण खोटं कशाला लिहू, छाती फुगली.

त्या गेल्यावर मी धाकटीला म्हटलं, "बघितलंस? आता त्या पत्र्याची गरज नाही."

ती भांडी पुसत होती. म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? तुम्ही खोलीत नसताना ताई मशीनला हात... म्हणजे डोळा लावत नाही, हे माहितीये का तुम्हाला?"

"वेळ लागतो म्हणून कंटाळत असेल. तेच तर कमी करतोय."

तिनं ताट पुसून ठेवलं, परत उचललं आणि परत पुसलं.

१० जुलै

दाढीनं नव्या पिढीचा मदरबोर्ड दिला. स्लॉट तेवढाच, पण प्रत्येक लेन दुप्पट वाहते. दोन सेकंदांच्या आत आलो.

दिवसभर चाचणी. ती दमते, तरी माझ्यासाठी वाक्यं देते. आज तिनं लिहिलं, "इकडे ये." मी मशीनच्या मागून म्हटलं, "आलं, आलं, एक पॉइंट आठ!" पुन्हा लिहिलं, "इकडे ये." एक पॉइंट सात. एकाच वाक्यावर दोनदा मोजलं की खात्री पटते. तिला अजूनही चाचणीचं भान आहे.

धाकटी दारातून म्हणाली, "तुम्ही तिच्या समोर कधी बसता हो?"

"स्क्रीन तिच्या समोर असते. मला मागेच बसावं लागतं."

३ ऑगस्ट

फुप्फुसांनी काम कमी केलंय. रात्रंदिवस श्वासाचं यंत्र. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. दाराशी म्हणाल्या, "आता फार धावपळ करू नका. जवळ राहा." मी म्हटलं, मी तर घरातच असतो, दुकानात महिन्यात दोनदा जातो. त्यांनी माझ्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघितलं आणि चपला घातल्या.

मशीनवर टाइप करणं जवळपास थांबलंय, कॅमेऱ्याला तिची नजर पकडता येत नाही, बुबुळं फार हळू हलतात. पत्रा चालतो, कारण धाकटी थांबू शकते. कॅमेरा थांबत नाही.

दाढीला फोन केला. भरपूर मेमरीचं एक कार्ड तो कुठूनतरी मिळवतोय. त्यात मॉडेल अख्खं मावेल. मग स्लॉटचा प्रश्नच मिटला. डोळ्यांचा भागही त्याच कार्डावर घेता येईल, म्हणजे हळू नजरही पकडली जाईल. ते आलं की सगळं होईल.

१४ ऑगस्ट

सकाळी दाढीचा फोन आला, कार्ड आलंय. मी कपडे बदलून तिला सांगायला गेलो. धाकटी आत आंघोळीला होती. मास्तरीण जागी होती, डोळे स्वच्छ. पत्र्याकडे बघत होती. मी पलंगाच्या कडेला टेकून पत्रा मध्ये धरला. मला सवय नाही, हात हलतो. तिची नजर प-फ-ब-भ-म या ओळीवर आली, बराच वेळ राहिली. प? नाही. फ? नाही. ब. मग नजर खाली खाली गेली. श? नाही. ष? नाही. स.

ब, स.

"बस? बरं, बरं," मी म्हटलं. "उगाच शिणू नकोस. पड तू. मी एवढ्यात कार्ड घेऊन येतो. मग हे पत्रे-बित्रे काही लागणार नाहीत, बघच." चादर नीट केली. दारातून वळून बघितलं तर माझ्याकडेच बघत होती.

दुकानात दाढीनं चहा मागवला. कार्ड बघण्यासारखं आहे, विटेएवढं जड. परत येताना रिक्षात मांडीवर घेऊन बसलो होतो, खड्ड्यांत धक्का लागू नये म्हणून. तेव्हा धाकटीचा फोन आला.

मी पोहोचलो तेव्हा सगळं संपून धाकटीनं श्वासाचं यंत्रही बंद केलं होतं. खोलीत मला ओळखू येईना इतकी शांतता.

२ सप्टेंबर

लोक येऊन गेले. धाकटी अजून आहे, उद्या तिच्या घरी जाणार. कपाट आवरत होती. मी पलंगाच्या कडेला उभा होतो. ती म्हणाली, "मी आंघोळीला गेले होते तेव्हा तुम्ही होतात ना तिच्यापाशी. काही म्हणाली का?"

"हो. पत्र्यावर. बस म्हणाली."

तिच्या हातातली साडी तशीच राहिली.

"पुरे म्हणाली," मी म्हटलं. "दमली होती. बस म्हणजे पुरे."

"ताईला पुरे म्हणायचं असलं की ती डोळे मिटायची, भाऊजी. पुरे म्हणायला तिला अक्षरं लागायची नाहीत. दोन अक्षरांना तिला किती जीव लागायचा ते..." तिनं साडी पलंगावर ठेवली. म्हणाली, "मग? तुम्ही काय केलंत?"

"मी... कार्ड आणायचं होतं. उठलो."

"उठलात," ती म्हणाली. एवढंच. मग स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येतच राहिला. मी जाऊन पाहिलं तर ती नळापाशी ओट्याला धरून उभी होती, भांडं कुठलंच नव्हतं. मी नळ बंद केला.  ती म्हणाली, "तुम्ही जा आत."

५ सप्टेंबर

दाढीचा फोन. कार्ड लावलं का, विचारत होता. नाही म्हटलं. खोक्यातच आहे. "लावून तर बघ, तिचा आवाज असेल घरात," म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला.

डायरी सुरुवातीपासून वाचली. स्थिती, स्थिती असं जागोजागी लिहिलंय. डॉक्टरीणबाईंना दाखवायची होती, ते राहूनच गेलं.

आज दुकानात गेलो नाही. धाकटीचं स्टूल पलंगाजवळच होतं, त्यावर सकाळी जाऊन बसलो. पलंगाकडे तोंड करून. गादी गुंडाळून ठेवली आहे, नुसत्या फळ्या दिसतात. ऊन फळ्यांवर आलं, भिंतीवर गेलं. दोनदा उठावंसं वाटलं. उठलो नाही.